रेहेमा जेवायला येते

१४ सप्टेंबर १९८६, पिस्कॅटवे, अमेरिका

घरी पत्र लिहिलं की ते पहिलं आत्या वाचते, मग माझ्या आईकडे जातं. आत्या म्हणजे माझी सासू, माझ्या बापाची सख्खी बहीण. म्हणून जे पत्रात लिहिता येत नाही ते इथं लिहिते. हे युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटरचे कागद आणतात, कडेला भोकं असलेले. एका बाजूला आकडे, दुसरी कोरी. माझी शाळा सातवीपर्यंत. चुका होतील. वाचणार कोण आहे.

काल हे म्हणाले, जानेवारीत मोंबासाला जायचंय, वर्षभर. मी म्हटलं, वीणा तेव्हा नऊ महिन्यांची होईल, तिथं स्वेटर लागतील का?

"अगं सुले, तू नाही. तू आणि वीणा नंदुरबारला. आईकडे."

लहानपणापासून मला सुलेच म्हणतात. मी यांच्या मामाची मुलगी. आत्यानं शब्द टाकला आणि आमचं लग्न झालं. मला कुणी विचारलं नव्हतं. यांना तरी विचारलं होतं का कोण जाणे.

मोंबासा आफ्रिकेत आहे, समुद्राकाठी. तिथं मशीद, देऊळ, चर्च, गुरुद्वारा सगळं जवळजवळ आहे म्हणे, आणि तरी काही माणसं कशातच जात नाहीत. देव मानत नाहीत. त्यांचं कसं चालतं, त्यांची लग्नं कोण लावतं, मेल्यावर त्यांना कोण नेतं, हे यांच्या प्रोफेसरला पाहिजे. मी म्हटलं, यात शिकायचं काय, आपल्या नंदुरबारच्या स्टँडवरचे दारुडे पण देवळात जात नाहीत. हे हसले. हसले म्हणून मला बरं वाटलं, पण नंदुरबारचं तसंच राहिलं.

आमच्या गल्लीत एक होती. नवरा वर्षासाठी मस्कतला गेला, ती सासरी. वर्षाची सात वर्षं झाली.

१९ सप्टेंबर

मोंबासाला यांना फिरवणार ती एक मुलगी आहे. रेहेमा. यांच्याच डिपार्टमेंटमधली. तिचा बाप कच्छकडचा हिंदू, आई तिथलीच मुसलमान, आणि दोघंही काहीच पाळत नव्हते. म्हणजे ज्या लोकांवर हे लिहिणार त्यातलीच ती. दर शुक्रवारी आता आमच्याकडे जेवायला येते.

उंच आहे. केस बारीक कापलेले, मनगटावर पुरुषाचं घड्याळ. आली की चपला काढते आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसते, आपल्याच घरात बसावं तशी. मग ते दोघं इंग्रजीत सुरू होतात. मी गरम गरम पोळ्या वाढते, त्यामुळे मला बसता येत नाही. ते टेबलावर, मी स्टोव्हजवळ. आज तिनं काहीतरी म्हटलं आणि हे टेबलावर हात आपटून हसले. माझ्या बोलण्यावर असे कधी हसले? परवा हसले होते, पण तोंड मिटून.

वीणाला कडेवर घेऊन मी मराठीत म्हटलं, "बघ गं बाय, आली उंटीण आपल्याकडे चरायला." तेवढंच मन हलकं होतं.

२६ सप्टेंबर

उंटीण आज सहा पोळ्या जेवली.

३ ऑक्टोबर

आज मेले तर बरं असं झालं.

ती आली, चपला काढल्या, हे अजून बाथरूममध्ये होते. मी वीणाच्या कानात म्हटलं, "आली बघ लंबी मान घेऊन." तर ती बाई माझ्याकडे बघून गुजराथीत म्हणते, "बेन, उंटिणीला आज पोळी मिळेल का, का नुसता पालाच?"

लाटणं हातातून पडलं.

तिला गुजराथी येतं. बाप कच्छी, येणारच की! माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आमचं नंदुरबार गुजराथच्या वेशीवर, बाजारात अर्धे लोक गुजराथीच बोलतात, मला ते मराठीइतकंच येतं. मराठी तिला निम्मं कळतं. तीन शुक्रवार मी तिच्या तोंडावर तिला शिव्या दिल्या आणि ती पोळ्या खात बसली.

मी म्हटलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू थांबली असतीस मग. मला आवडत होतं ऐकायला. माझी फुई असंच बोलायची माझ्या आईबद्दल." फुई म्हणजे बापाची बहीण. आत्या. जगभर सारख्याच दिसतात.

हे बाहेर आले तर ती परत इंग्रजीत. गुजराथी यांना येतं, मला येतं, तिला येतं. तिघांना येणारी भाषा सोडून ते दोघं इंग्रजीतच बोलतात. हे मला जास्त झोंबलं.

१० ऑक्टोबर

आज यांना यायला उशीर झाला. ती एकटीच बसली होती, माझ्याशी बोलली. बोलली म्हणजे मलाच बोलायला लावलं. मग तिच्या घरचं सांगितलं.

त्यांच्या घरात देव नव्हता म्हणून सगळी गल्ली त्यांच्याकडे यायची. "समोरच्या जैनांचा मुलगा आमच्याकडे आमलेट खायला. मागचा अब्दुलचाचा रोज्यात दुपारचा चहा प्यायला. आणि शेजारचा ख्रिश्चन जोसेफ रविवारी सकाळी झोपायला, बायकोला वाटायचं चर्चला गेलाय."

मला हसू आलं, आवरलं नाही. मग मी विचारलं, "भीती नाही वाटत? देव नाही तर मग संकटात कुणाला हाक मारायची?"

"शेजाऱ्यांना," म्हणाली. "त्यांना ऐकू येतं."

मला तर सगळ्याची भीती वाटते. फ्रिज मध्येच गुरगुरतो त्याची, फोन वाजतो त्याची, बर्फ पडेल त्याची. तिला कशाचीच नाही. एकटी आली या देशात, एकटी राहते, गाडी चालवते. जाताना वीणाच्या गालाला हात लावून म्हणाली, "काय सुंदर आहे गं ही!"

काही न लावता म्हणाली. तीट नाही, थुंकली नाही, काही नाही.

१५ ऑक्टोबर

वीणाला ताप. दूध घेत नाही. परवापासून किरकिर. हे औषध देऊन कॉलेजला गेले.

शरयू काकूंना फोन केला. त्या एडिसनला राहतात, इथल्या मराठी मंडळातल्या, इथं वीस वर्षं झाली त्यांना. म्हणाल्या, "अगं दृष्ट लागली असेल, मीठ-मोहरी उतर आणि जाळ." मागनं त्यांची पोरगी ओरडत होती, मॉम, नॉट अगेन. काकू म्हणाल्या, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या घेतल्या. वीणावरून उतरवल्या, जळत्या स्टोव्हवर टाकल्या. इथं चूल नाही, विजेची लाल होणारी वेटोळी आहे. धूर असा उठला की मला माझा हात दिसेना. आणि वर भिंतीवरचं ते गोल यंत्र किंचाळायला लागलं. मग खालचं. मग सगळ्या बिल्डिंगचं.

सगळी बिल्डिंग बाहेर गवतावर. चिनी आजी-आजोबा, ओल्या केसांचा एक अमेरिकन मांजर घेऊन, सगळे खोकतायत. मिरचीचा ठसका काय ते त्यांना पहिल्यांदा कळलं. लाल बंब आला. टोपीवाला माणूस मला इंग्रजीत विचारतोय, मी वीणाला घट्ट धरून मागे सरकतेय. वाटलं आता वीणाला काढून घेतात. इथं आईला नीट सांभाळता येत नाही म्हणून पोरं नेतात, काकूंनीच सांगितलं होतं.

तेवढ्यात ती पळत आली, समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते. वीणाला माझ्याकडून घेतलं, आणि टोपीवाल्याला म्हणाली, मी स्वयंपाक करत होते, मिरच्या करपल्या, माझी चूक. एवढं इंग्रजी मला कळतं. त्यानं तिला रागावलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

नंतर मला म्हणाली, "माझीच दृष्ट काढत होतीस ना?"

मी वीणाला तिच्याकडून परत घेतलं.

"आमच्या मोंबासात सगळ्या जमातीचे लोक हे करतात. देवावरून भांडतात, पण मिरच्यांवर सगळ्यांचं एकमत."

आता मी तिच्या उपकाराखाली आले. याच्यापेक्षा टोपीवाल्यानं मला रागावलं असतं तर बरं.

१६ ऑक्टोबर

वीणाचा ताप उतरला. औषधानं का दृष्ट काढल्यानं, सांगता येत नाही.

घराला अजून मिरचीचा वास आहे, त्यामुळे यांना कळायचं राहिलं नाही. आवाज चढवला नाही. तेच वाईट. म्हणाले, "मी जगभरच्या लोकांना विचारत फिरणार की तुम्ही हे सगळं कसं सोडलं, आणि माझ्या घरात बंब येतो. रेहेमाला काय वाटलं असेल?"

मला काय वाटलं असेल, ते नाही.

मी विचारलं, "म्हणून नंदुरबारला पाठवताय?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?" असं म्हणून वीणाचे लंगोट वाळत घालायला गेले. तसे वाईट नाहीत. लंगोट नेहमी हेच घालतात.

२९ ऑक्टोबर

सकाळी फोन वाजला. हे नव्हते. मी सहसा उचलत नाही, पण वीणा झोपली होती, जागी होईल म्हणून उचलला. ऑपरेटर बाई काहीतरी बोलली, मग खरखर, आणि एक म्हातारा गुजराथीत, "सुलभाबेन का?"

रेहेमाचा बाप. कानजीभाई. तिच्या खोलीत फोन नाही, घरी कुणीतरी असतं म्हणून तिनं आमचा नंबर देऊन ठेवलाय. मला न विचारता! राग आला. पण म्हाताऱ्याचा आवाज गोड.

"तूच ना पोळ्यावाली? दर पत्रात तू असतेस. माझी दीकरी लिहिते, एक घर आहे जिथं न विचारता ताटात वाढतात."

मी म्हटलं, "इथं सगळे आधी विचारतात, हवंय का, म्हणून आपण नाही म्हणतो आणि उपाशी राहतो." ते खूप हसले. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना.

मग सांगितलं. पोटात गाठ आहे. डॉक्टर फार दिवस देत नाही. रेहेमाची तोंडी परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला, तोपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. "ती विचारेल, बाबा कसे वाटले आवाजावरून. तू सांग, ठणठणीत. तेवढ्यासाठीच फोन केला, बेन."

मी विचारलं, घरात कोण आहे?

"कोण नाही आणि सगळे आहेत. आत्तापासूनच भांडण चाललंय. भाऊ म्हणतात जाळायचा. बायकोच्या माहेरचे म्हणतात तिच्या शेजारी पुरायचा. जिवंतपणी दोन्हीकडचे माझ्याकडे चहा पीत होते, आता मला पिणार."

फोन कटला. मी हो म्हटलं होतं का? म्हटलं होतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ती आली. "बाबांचा फोन आला होता ना? कसे वाटले?"

मी पोळी उलटत होते. म्हटलं, "ठणठणीत."

ती इतकी खुश झाली की माझ्या मागून येऊन माझ्या डोक्याला डोकं टेकवलं. नंतर यांच्याशी इंग्रजीत मोंबासाबद्दल बोलत बसली, जानेवारीत कुठं राहायचं, कुणाकडे जायचं. हे कागदावर नकाशा काढत होते. यांचे डोळे नकाशावर नव्हते. मी बघितलं कुठं होते.

६ नोव्हेंबर

खरं लिहिते, इथं तरी.

सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी जाईल. ती गेली तर यांना जानेवारीत कोण फिरवणार? बाप आजारी असताना ती प्रोजेक्टचं काम थोडंच करेल? यांचं जाणं रद्द होईल. माझं नंदुरबारचं तिकीट रद्द होईल. आणि शुक्रवार पण संपतील. म्हणजे सांगण्यात सगळा माझाच फायदा, आणि त्यासाठी एका मरत्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा.

नाही सांगितलं तर शब्द राहतो. आणि ती बापाला बघणार नाही.

दोन्हीत पाप आहे. तिच्यासारखं असतं तर पापाचा प्रश्न आला नसता, असं वाटलं. पण तिला पण काहीतरी वाटतच असेल. तिला विचारायला पाहिजे, पण तिलाच कसं विचारणार?

८ नोव्हेंबर

माझा बाप गेला तेव्हा मी इथंच होते, सहावा महिना. पोटुशी बाईला सांगू नये म्हणून सगळ्यांनी लपवलं. यांना माहीत होतं. मी त्या काळात बापाला तीन पत्रं लिहिली. बाबा, कैऱ्या आल्या का, पायाचं दुखणं कसं आहे. वीणा झाल्यावर मला सांगितलं. ती पत्रं कुणी उघडली असतील? आत्यानंच. भावाच्या नावाची पत्रं.

माझ्या भल्यासाठीच केलं सगळ्यांनी.

९ नोव्हेंबर

सांगितलं.

वीणाला घेऊन तिच्या बिल्डिंगमध्ये गेले. या देशात एकटी कुणाच्या दारात जायची ही माझी पहिलीच वेळ. तिनं दार उघडलं, हातात पुस्तक. मी आत पण गेले नाही. उंबऱ्यातच म्हटलं, "मी खोटं बोलले. तुझे बाबा ठणठणीत नाहीत. जा लवकर."

ती खाली बसली, दारातच. रडली नाही. विचारलं, "तू त्यांना शब्द दिला होतास?"

"हो."

"मग का मोडलास?"

मी माझ्या बापाचं सांगितलं. ते खरं आहे. पण सांगताना माझ्या मनात आत कुठंतरी गाणं चाललं होतं, ही जाणार, ही जाणार, ते पण खरं आहे. ते तिला सांगितलं नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि तिच्या डोळ्यांना लावले. असं आमच्याकडे देवाला करतात. मला सहन झालं नाही, मी हात सोडवून घेतले.

११ नोव्हेंबर

हे तिला विमानतळावर सोडायला गेले. परत आले तेव्हा गाडी खाली लागलेली मला खिडकीतून दिसली. हे उतरेनात. मी जेवण दोनदा गरम केलं. वर आले, म्हणाले भूक नाही.

"गेली का नीट?"

"हं."

वीणा हात पुढे करत होती, तिला घेतलं नाही. कधी असं करत नाहीत.

२१ नोव्हेंबर

मला वाटलं रद्द होईल. उलटंच झालं. हे म्हणतात जानेवारी नको, डिसेंबरातच जातो, तिला मदत लागेल. प्रोफेसर नको म्हणतोय तरी. माझी आणि वीणाची बॉम्बेची तिकिटं काढून आणली. टेबलावर ठेवली. मी त्यावर ताट ठेवलं.

शरयू काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, पुरुष असतात असे, कामाच्या मागे." मी म्हटलं, कामावर मी कधीच जळले नसते काकू.

ती नाही तरी घरात तीच आहे. शुक्रवारी मी चुकून जास्त कणीक मळली.

१ डिसेंबर

सकाळी फोन. आता मी उचलते.

रेहेमा होती. कानजीभाई गेले, चार दिवस झाले. ती पोचल्यावर तेरा दिवस मिळाले दोघांना. पहिल्या दिवशी तिला म्हणाले, ती पोळ्यावाली खोटं बोलायला कच्ची निघाली ना, मला वाटलंच होतं. आणि हसले.

मी विचारलं, मग शेवटी काय केलं?

"दोन्हीकडचे दारात उभे होते. मी सगळ्यांना आत घेतलं, चहा केला. बाबांना बाजूला ठेवून चहा प्यायले सगळे. मग अब्दुलचाचा म्हणाले, मला रोज्यात यानं चहा पाजला, मी याला खांदा देणार, कुठं न्यायचा ते तुम्ही ठरवा. स्मशानात नेलं. मंत्र नाही, दुवा नाही. मुसलमान फाटकाबाहेर थांबले होते, नंतर तेही आत आले. जोसेफ तेवढा गाणं म्हणाला, बाबांना आवडायचं ते, बाजारू."

मी रडले. न बघितलेल्या माणसासाठी.

मग ती म्हणाली, "सुलभा, श्रीरंगला सांग, एकट्यानं यायचं नाही. विमानतळावर मी त्याला जे सांगितलं तेच अजून आहे. नाही. तू काही विचारू नको, आणि त्यानं काही केलेलं नाही, फक्त बोलला. पण तू ये. वीणाला घेऊन ये. घर मोठं आहे आणि मला रात्री आवाज येतात रिकाम्या खोल्यांचे. मला भीती वाटते गं."

तिला भीती वाटते!

२ डिसेंबर

रात्रभर विचार केला. राग यायला पाहिजे तसा आला नाही. मला ठाऊकच होतं. मला वाटत होतं ती घेऊन जाईल यांना, आणि तिनं हातही लावला नाही. तरी मत्सर गेला नाही, नुसता दुसरीकडे सरकला. समोर उभ्या पुरुषाला नाही म्हणायचं आणि वर त्याच्या बायकोला आपल्याकडे बोलवायचं. मला कुणी असं नाही म्हणायला शिकवलंच नाही. लग्नात नाही, कशातच नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं, कानजीभाई गेले. हे उभेच राहिले. "ती कशी आहे? काय म्हणाली?"

"म्हणाली, एकट्यानं यायचं नाही."

यांचा चेहरा मी नीट बघितला. आधी लाल झाला, मग लहान मुलासारखा झाला. नदीवर पोहायला नको म्हटलं की असाच व्हायचा, आम्ही लहान होतो तेव्हा. मला वाईट वाटलं, आणि बरं पण वाटलं, दोन्ही एकदम.

"मग नाहीच जात," हे म्हणाले. "तिथल्या लोकांच्या मुलाखतींच्या टेप्स इथंच मागवतो. तूही राहा इथंच. तिकिटं परत करतो."

बस, हेच तर पाहिजे होतं मला. तीन महिने हेच पाहिजे होतं.

मी म्हटलं, "नंदुरबारची परत करा. मोंबासाची काढा. माझं आणि वीणाचं."

हे हसले. मग थांबले. "तुला एकटीला? तुला फोन उचलायची भीती वाटते."

"वाटते."

"अगं सुले, वेडी आहेस का? मी म्हणतोय ना राहा इथं."

"नाही," मी म्हटलं.

आवाज बारीक निघाला, पण निघाला. हे माझ्याकडे बघत बसले. वीणा भुकेली झाली होती, तिला पाजायला घेतलं. हे अजून तिथंच बसलेत, स्वयंपाकघरातला दिवा न लावता. आता विचारतायत, "आपण तिघं गेलो तर?"

बघू, म्हटलंय मी.